दुकानातला जुना कॉम्प्युटर घरी रात्रंदिवस चालू असतो

प्रश्न : सेलूच्या मोंढ्यात माझं अडत दुकान आहे. मुलगा यंदा बारावी सायन्स ६१ टक्क्यांनी पास झाला. नीटमध्ये जमलं नाही. पुन्हा एक वर्ष लातूरला जा म्हणतो तर तयार नाही. दुकानातला टॅलीचा जुना कॉम्प्युटर त्याने घरी नेला, विंडोज काढून लिनक्स टाकलं. डेबियन, जेलीफिन अशी नावं घेतो. मशीन रात्रभर चालू. लाइट बिल वाढलं. ‘हा आपला सर्व्हर आहे, मला हेच करायचंय, कॉलेज नको,’ म्हणतो. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यात ठेवल्यात, त्या आता टीव्हीवर लागतात, एवढंच त्यातलं मला कळतं. हा नाद आहे की यात पोट भरेल?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

ओव्यांचं वाक्य तुम्ही शेवटी, सहज लिहिलंय. मी उत्तराला तिथूनच सुरुवात करते, कारण आजीची ओवी टीव्हीवर लागण्याआधी तुमच्या मुलाने बरंच काम केलं आहे. डेबियन ही १९९३पासून स्वयंसेवकांनी सांभाळलेली लिनक्स प्रणाली, म्हणजे विंडोजच्या जागी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. जेलीफिन हा घरातली गाणी, व्हिडिओ टीव्हीला आणि मोबाइलला पुरवणारा प्रोग्रॅम. एम्बी नावाच्या प्रोग्रॅमने आपला कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, इतरांसाठी बंद केला, तेव्हा डिसेंबर २०१८मध्ये काही जणांनी शेवटचा खुला कोड घेऊन तो पुढे चालवला, तोच हा जेलीफिन. तो चालवायचा तर मशीनला राउटरवर कायमचा पत्ता द्यावा लागतो, कोणतं फोल्डर कोणी वाचायचं ते ठरवावं लागतं, आणि लाइट जाऊन आली की सगळं आपोआप उठेल अशी सोय करावी लागते. आपल्याकडे लाइट किती वेळा जाते हे तुम्हाला सांगायला नको. मोठ्या कंपन्यांत सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून पगार घेणारी माणसं याच जातीचं काम करतात.

म्हणून हा नुसता नाद नाही. पण हा अजून धंदाही नाही, हे मुलानेही ऐकावं. घरात टीव्हीवर गाणी लावून देण्याचे पैसे सेलूत कोणी देणार नाही. पैसे मिळतात ते दुसऱ्याचं मशीन आपल्या भरवशावर चालतं तेव्हा : इतरांच्या वेबसाइट आपल्या मशीनवर सांभाळणाऱ्या होस्टिंग कंपनीत, क्लाउडच्या म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या मशीनच्या कामात, किंवा तालुक्याच्याच दवाखान्यात, पतसंस्थेत, शाळेत. आणि नोकरीच्या दारात पदवी किंवा डिप्लोमा विचारतातच. कॉलेज सोडायला माझा स्पष्ट नकार आहे.

लातूरलाही नको. तिथे मन लावून शिकणारी लेकरं मी पाहिली आहेत; मन दुसरीकडे असलेलं लेकरू वर्षभर खोलीत बसवलं की काय होतं, तेही पाहिलं आहे. बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. या मुलाला मी हाच रस्ता सुचवीन. प्रवेश हुकला तर बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स. सोबत वर्षा-दोन वर्षांत रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीएसए या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या परीक्षेची तयारी करावी. तिथे पर्यायांवर खुणा करायच्या नसतात, मशीनवर काम करून दाखवायचं असतं, आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावर ते टिकलं तरच गुण. तुमचा मुलगा हे घरी रोज करतोच आहे.

आता लाइट बिल. जुना डेस्कटॉप ६० वॅट खात असेल तर महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात. जुना लॅपटॉप १५ वॅटवर चालला तर ११च्या आसपास, शिवाय बॅटरी धड असेल तर लाइट गेल्यावर तो लगेच बंदही पडत नाही. त्याला वापरलेला लॅपटॉप घेऊन द्या, पण एका अटीवर.

अट तुमच्याच धंद्यातली आहे. मोंढ्यात रोजमेळ लिहिल्याशिवाय तुम्ही दुकान बंद करत नाही. या मुलाने मशीनचा रोजमेळ ठेवावा : आज काय बदललं, का बदललं, काय बिघडलं, कसं सुटलं. मुलाखतीत ही वही ६१ टक्क्यांपेक्षा जास्त बोलेल, असं मला मनापासून वाटतं.

बाळा, आता तुझ्याशी. डाउनलोड केलेले नवे सिनेमे त्या मशीनवर असतील तर आजच काढ. जेलीफिन कायदेशीर आहे, चोरलेला सिनेमा नाही. आणि उद्या दुसऱ्याचा डेटा सांभाळणाऱ्याचे हात आधी स्वच्छ लागतात. परगावच्या नातेवाइकांना ओव्या ऐकवायच्या म्हणून राउटरवर जेलीफिनचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, सगळ्यांना उघडून ठेवू नकोस. वायरगार्ड शिक, म्हणजे फक्त आपल्या माणसांना घरच्या मशीनपर्यंत आणणारा इंटरनेटवरचा सुरक्षित खासगी रस्ता; २०२०पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. पुष्कळ इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतात, म्हणून बाहेरून घरचं मशीन सापडतच नाही. तुझ्याकडे तसं आहे का ते शोध. नेटवर्किंगचा मोठा धडा त्यात आहे.

आणि बॅकअप. माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विद्यार्थ्यांच्या सहा वर्षांच्या नोंदी होत्या. त्यांची प्रत मी डी ड्राइव्हमध्ये ठेवली होती. डिस्क एकच होती, ती गेली तेव्हा सी आणि डी दोन्ही गेले. ती मुलं पुन्हा भेटायला आली की मला अजून वाईट वाटतं. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर, हा नियम त्यानंतर मी पाळते. तुझी घराबाहेरची प्रत बाबांच्या दुकानात राहू दे.

पण प्रत असणं पुरेसं नाही, ती परत उभी राहते का हे पाहावं लागतं. येत्या रविवारी सर्व्हर बंद कर, डिस्क काढून बाजूला ठेव, आणि दुकानातली प्रत आणून दुसऱ्या मशीनवर सगळं पहिल्यापासून उभं कर. रोजमेळाच्या वहीशिवाय दुसरी मदत घेऊ नकोस. संध्याकाळी आजीला टीव्हीसमोर बसव आणि ओवी लाव. किती तास लागले आणि कुठे अडलास, ते मला लिहून पाठव.