मेदपेशींवर संशोधन: विषय अरुंद आहे का?

महोदय,

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला असलेली आपली मुलगी मेदपेशी, म्हणजे चरबी साठवणाऱ्या पेशी, कशा घडतात आणि त्यामागे कोणती जनुके असतात, याच विषयात संशोधन करायचे म्हणते. इतक्या अरुंद विषयावर तिने आयुष्य बेतावे का, की एम.एस्सी. करून औषध कंपनीत नोकरी धरावी, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते हा विषय अरुंद नाही, आणि तो का नाही हे त्याच्या गाभ्यातूनच कळते. पेशीतील कोणती जनुके चालू व्हावीत आणि कोणती बंद राहावीत, हे डीएनएला चिकटून ठरवणारी प्रथिने म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. त्यांचे काम उलगडून पाहायला मेदपेशी फार सोयीची आहे. १९७० च्या दशकात हॉवर्ड ग्रीन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या भ्रूणापासून मिळवलेल्या ३टी३-एल१ या पेशींना इन्सुलिन, डेक्सामेथासोन आणि आयबीएमएक्स या संप्रेरक-रसायनांचे मिश्रण दिले, की आधी सीईबीपी-बीटा आणि सीईबीपी-डेल्टा हे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर वाढतात. त्यांच्यामुळे पीपीएआर-गॅमा आणि सीईबीपी-अल्फा हे आणखी दोन फॅक्टर चालू होतात, आणि हे दोन घटक एकमेकांना टिकवून धरत असल्यामुळे सुरुवातीचा संकेत संपला तरी पेशी मेदपेशी बनण्याची वाट सोडत नाही. १९९४ मध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की फायब्रोब्लास्ट या संयोजी ऊतीतील साध्या पेशीत पीपीएआर-गॅमा घातले तर तीही मेदपेशी होऊ शकते. साधी पेशी विशिष्ट पेशी कशी बनते, हा प्रश्न मूळपेशी आणि कर्करोग यांच्या अभ्यासातही असतो, त्यामुळे येथे शिकलेली पद्धत तेथे उपयोगी पडते.

औषधांशी असलेला संबंधही थेट आहे. मधुमेहावर दिले जाणारे पायोग्लिटाझोन याच पीपीएआर-गॅमावर काम करते. त्याने वजन थोडे वाढू शकते, तरी इन्सुलिनचा परिणाम सुधारतो. उलट या घटकाच्या जनुकात दोष असलेल्या काही रुग्णांच्या हातापायांवर चरबीच नसते आणि तरीही त्यांना मधुमेह होतो, कारण साठवायला योग्य जागा नसलेली चरबी यकृतात आणि स्नायूंत जाते. मेदपेशी बनणे थांबवले की लठ्ठपणाचा प्रश्न सुटला, अशा समजुतीने आपली मुलगी या वाटेला जात असेल, तर हे तिला आत्ताच कळलेले बरे.

आता नोकरीविषयी. केवळ एम.एस्सी.वर औषध कंपनीत बहुधा गुणवत्ता तपासणीची किंवा उत्पादनाची कामे मिळतात. ती सन्मानाची आहेत, पण तिला हवे ते संशोधन त्यांत नसते. त्यासाठी पीएच.डी. लागतेच. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो, म्हणजे तो काळ घरावर ओझे होणार नाही. एम.एस्सी.साठी आयआयटी जॅम आणि गॅट-बी या परीक्षा पाहाव्यात. पुण्यातील आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र यांची प्रवेशपद्धत त्यांच्या संकेतस्थळांवर वाचावी. पदवीच्या नावात प्राणिशास्त्र आहे की जैवतंत्रज्ञान, याला मी फार महत्त्व देत नाही. पेशीसंवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवणे, हाताने करायला मिळते का आणि जनुकांच्या माहितीचे संगणकावर विश्लेषण शिकवतात का, हे विचारून घ्यावे. यांतले दुसरे, संगणकाचे कौशल्य नसेल तर आजच्या प्रयोगशाळेत अडचण येते, आणि आपल्या अनेक महाविद्यालयांत ते अजून शिकवले जात नाही. आर आणि पायथन या संगणकभाषा तिने घरीच सुरू कराव्यात.

निर्णयाआधी मात्र तिने उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत काम करावे. विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती नेमकी यासाठीच आहे. पेशींचे माध्यम, म्हणजे त्या ज्यात वाढतात तो पोषक द्रव, ठरल्या दिवशी बदलण्यासाठी रविवारीही जावे लागते, पेशी दूषित झाल्या तर सारे पुन्हा सुरू करावे लागते. हे पाहूनही तिची ओढ कायम राहिली, तर आपण तिला अडवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.