राजीनामा देऊन तीन लाख घ्यावेत का?

प्रश्न : चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत नऊ वर्षं स्प्रे पेंटर आहे. वय 35. ऑगस्टपासून पेंट शॉपमध्ये गेलं की दम लागतो, रात्री खोकला येतो, सुट्टीत बरं वाटतं. छातीच्या डॉक्टरांनी टू-पॅक पेंटच्या हार्डनरची (रंग कडक होण्यासाठी त्यात मिसळतात ते रसायन) ॲलर्जी आणि त्यातून दमा झाल्याचं सांगितलं. एचआर म्हणतं, ॲलर्जी तुझी लहानपणची, कंपनीचा काय संबंध. शिवाय पगार 21,000 च्या वर गेल्यामुळे ऑक्टोबरपासून ईएसआयही (कामगार राज्य विमा) बंद. आता 'माणुसकी म्हणून' तीन लाख देतो, राजीनामा द्या आणि पुढे दावा करणार नाही असं लिहून द्या, असं म्हणतात. गृहकर्ज चार लाख शिल्लक आहे, हप्ता 8,400. तीन लाख कर्जात भरून मोकळं व्हावं असं घरच्यांचं मत. काय करू?

उत्तर : आत्ता सही करू नका. तीन लाख वाईट म्हणून नव्हे, तर ते मुळात तीन लाख नाहीत म्हणून. तुम्ही पाठवलेल्या कंपनीच्या पत्राच्या तिसऱ्या ओळीत 'ग्रॅच्युइटी व इतर सर्व देणी धरून' असे शब्द आहेत. तुमचं बेसिक 14,000 आणि नोकरी नऊ वर्षं. महिन्याचे 26 दिवस धरून दर वर्षाला 15 दिवसांचा पगार या हिशेबाने ग्रॅच्युइटीच साधारण 72,700 रुपये होते, आणि ती ॲलर्जी नसती तरी मिळालीच असती. म्हणजे माणुसकीचा भाग सव्वादोन लाखांच्या आसपास. त्यात शिल्लक रजेचे पैसेही धरलेले असतील, तर तो आणखी कमी.

आता ईएसआय. तुमची पगार स्लिप नीट वाचली. बेसिक 14,000, भत्ते 6,200, ओव्हरटाइम 6,200, एकूण 26,400. ईएसआयची 21,000 ची मर्यादा पाहताना ओव्हरटाइम धरत नाहीत. वर्गणी मात्र ओव्हरटाइमवरही कापतात, म्हणूनच सप्टेंबरपर्यंत तुमचे महिना 198 रुपये जात होते. मर्यादेसाठी तुमचा पगार 20,200 आहे. एचआरने चुकून केलं असेल किंवा सोयीने, पण कपात बंद करायला नको होती. आणि ती बंद झाली म्हणून तुमचा हक्क बुडत नाही. मालकाने वर्गणी थकवली, तर ईएसआय महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. त्रास सुरू झाला तो ऑगस्टमध्ये, तेव्हा तर कपात चालूच होती. त्या महिन्याची डॉक्टरची चिठ्ठी जपून ठेवा.

लहानपणच्या ॲलर्जीचा मुद्दा ऐकायला भारी आहे, कायद्यात तेवढा नाही. कामाच्या प्रक्रियेतल्या पदार्थांच्या ॲलर्जीतून होणारा दमा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत, कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, नावानिशी आहे. त्या प्रकारच्या कामात सलग सहा महिने काढलेल्या माणसाला तो झाला, तर तो कामामुळेच झाला असं धरलं जातं. तसं नाही हे दाखवायची जबाबदारी समोरच्यावर येते. तुमची नऊ वर्षं झालीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 चा भरपाई कायदा आणि 1948 चा ईएसआय कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेले, पण या यादीतली ती नोंद कायम आहे. तेव्हा 'कायदा बदलला' असं कोणी सांगितलं, तर घाबरू नका.

अडचण कागदांची आहे. तुमच्या फाइलवर 'ॲलर्जिक ब्राँकायटिस' एवढंच लिहिलंय, कामाचा उल्लेख नाही. डॉक्टरांना व्यवसायाचा इतिहास लिहायला सांगा : कोणता पेंट, कोणता हार्डनर, किती वर्षं, सुट्टीत फरक पडतो का. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे ॲलर्जी आणणारं रसायन असतं. डब्याच्या लेबलचा फोटो काढा आणि सेफ्टी डेटा शीटची (रसायनाचे घटक आणि धोके सांगणारा कागद) प्रत मागा. काहीशे रुपयांचा पीक फ्लो मीटर (फुंकरीचा जोर मोजणारं साधन) घेऊन दिवसातून चार वेळा फुंकर मारून आकडे लिहा, कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस दोन्ही. हे निदान कसं करायचं ते डॉक्टरच ठरवतील. मला त्यात रस आहे तो अपंगत्व किती हे ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डासमोर काय ठेवता येईल यापुरता. बोर्डाकडे जायचा रस्ता ईएसआय दवाखान्यातून सुरू होतो, खाजगी डॉक्टरांकडून नाही.

आता पैशांची तुलना, अंदाजे. सरासरी रोजचा पगार 880 धरू. तात्पुरत्या अपंगत्वात ईएसआय त्याच्या 90 टक्के देतं, म्हणजे महिन्याला 23,700 च्या आसपास. पुढे बोर्डाने कमावण्याची क्षमता कायमची, समजा, 30 टक्के घटली असं ठरवलं, तर महिन्याला सुमारे 7,100 रुपये मिळतात आणि ते हयातभर. तीन लाखांची एफडी 7 टक्क्यांनी महिन्याला 1,750 देते. 30 हा आकडा मी फक्त हिशेबासाठी घेतलाय. बोर्ड 15 म्हणालं तरी महिना साडेतीन हजार होतात, एफडीच्या दुप्पट. टक्केवारी मान्य नसेल तर अपील करता येतं.

आणि ईएसआय लागूच नाही असं शेवटी ठरलं, तर कंपनीची सुटका होईल का? नाही. मग भरपाई थेट कंपनीवर येते. तिथे पगार कितीही जास्त असला तरी हिशेबाला 15,000 च धरतात. त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले कायद्यात वयाप्रमाणे दिलेला 35 व्या वर्षाचा गुणांक 197.06, म्हणजे पूर्ण अपंगत्वाला 17,73,540 आणि 30 टक्क्यांना 5,32,062. डावा हात गमावलेला सुतार सुतारकाम करू शकत नाही म्हणून त्याचं नुकसान शंभर टक्के धरावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये म्हटलं होतं. पेंटरला त्याचा किती उपयोग होईल हे वकील सांगेल. एकाच आजाराचे पैसे दोन्हीकडून मात्र मिळत नाहीत.

'पुढे दावा करणार नाही' या वाक्याची मला फारशी भीती नाही. भरपाईचा हक्क असा लिहून सोडता येत नाही. भीती आहे ती त्याच्या वरच्या वाक्याची : 'वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे.' राजीनामा खरा ठरतो, आणि ते कारण तुमच्याच हस्ताक्षरात तुमच्या विरोधात उभं राहतं.

घरच्यांच्या कर्जाच्या मताबद्दल. तीन लाख भरले की बँक सहसा मुदत कमी करते, हप्ता तोच राहतो. म्हणजे नोकरी नाही, हातात रोकड नाही आणि पाच तारखेला 8,400 जातातच, असं आणखी वर्षभर. कर्ज आत्ता तसंच राहू द्या. तुमची एक लाख दहा हजारांची बचत आणि पत्नीच्या शिवणकामाचे सात हजार यांवर बोर्डाच्या निर्णयापर्यंतचा काळ काढायचाय. त्याला मध्ये आधार आहे : एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर जानेवारी ते जून आजारपणाचा लाभ मिळतो, पगाराच्या 70 टक्के, 91 दिवसांपर्यंत, म्हणजे महिन्याला साधारण साडेअठरा हजार. पीएफ काढू नका. पेन्शनला दहा वर्षं लागतात आणि तुमची नऊ झालीत.

मास्क लावून ओव्हरटाइम चालू ठेवावा का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नको. एकदा शरीराने ही ॲलर्जी धरली की अगदी थोड्या वाफेनेही त्रास होतो, आणि लवकर बाहेर पडलेल्यांचा दमा आटोक्यात येण्याची शक्यता जास्त असते. 6,200 च्या ओव्हरटाइमसाठी पुढच्या पंचवीस वर्षांचा पगार पणाला लावणं हिशेबात बसत नाही. असेंब्ली किंवा स्टोअरमध्ये बदली मागा.

कंपनी तीन लाख ग्रॅच्युइटीपासून वेगळे, राजीनाम्यात आजाराचं खरं कारण लिहून आणि ईएसआयचा दावा दाखल झाल्यावर द्यायला तयार असेल, तर मात्र जरूर घ्या. तोपर्यंत एचआरला ई-मेल करा : डॉक्टरांचा अहवाल जोडला आहे, पेंट शॉपमधून बदली द्यावी, ईएसआय कपात ऑक्टोबरपासून पूर्ववत करावी आणि प्रस्तावातल्या रकमेची फोड लेखी द्यावी. हा मेल कंपनीच्या आयडीवरून नको, स्वतःच्या आयडीवरून पाठवा. कंपनीचा आयडी ते कधीही बंद करू शकतात.