ऐकलेलं सोमवारपर्यंत टिकावं म्हणून

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

उपासनेतून घरी येईपर्यंत संदेश विसरतो, असं तू लिहिलंस. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (1:23-24) हेच आहे: माणूस आरशात तोंड पाहतो, बाजूला होतो आणि आपण कसे दिसत होतो ते विसरतो. दोष स्मरणशक्तीचा नाही. पाहिल्यावर काही केलं नाही, याचा आहे. इब्री (हिब्रू) भाषेत ऐकणं आणि मानणं यांना ‘शमा’ हा एकच शब्द आहे. आपणही ‘पोरगं ऐकत नाही’ म्हणतो, ते काही त्याच्या कानांबद्दल नव्हे.

रविवारचा शास्त्रपाठ, म्हणजे उपासनेत वाचायचा बायबलचा भाग, मंडळीच्या पाळकांना आधी विचारून ठेव आणि शनिवारी रात्री दोनदा वाच, एकदा तरी मोठ्याने. उपासनेत वही जवळ असू दे, पण सगळा संदेश उतरवू नकोस; हात गुंतला की कान सुटतो. शेवटच्या आशीर्वादानंतर, जागेवरून उठण्याआधी, एकच ओळ लिही: काय करायचं, कोणासाठी, कधी. ‘प्रेमाने वागेन’ चालणार नाही. ‘उद्या संध्याकाळी काकांना फोन करून क्षमा मागेन’ चालेल.

चोवीस तासांत होईल एवढंच घे. कुष्ठरोग बरा व्हावा म्हणून यार्देन नदीत सात वेळा बुडी मारायची, एवढं सोपं सांगितलं म्हणून सेनापती नामान रागावून निघाला होता (2 राजे 5). त्याला वळवलं ते त्याच्या चाकरांनी, हेही ध्यानात ठेव.

‘हे वचन अमक्याला लागू पडतं’ असं मनात आलं की समज, तू स्वतःसाठी ऐकणं थांबवलंस. तो संदेश लगेच व्हॉट्सॲपवर पुढे पाठवणं हाही त्यातलाच प्रकार.

मन तयार होण्याची वाट पाहू नकोस. मासे धरणाऱ्या पेत्राने रात्रभर कष्ट करून काहीच मिळालं नाही हे आधी सांगितलं, आणि तरी प्रभूच्या शब्दावरून जाळी सोडली (लूक 5:5). मात्र नोकरी, लग्न, पैसा यांबाबत ‘देवाने मला सांगितलं’ म्हणून घाई नको. पाळक आणि दोन अनुभवी विश्वासणारे यांच्यासमोर ते ठेव, सर्व गोष्टींची पारख करा, असं पौल सांगतो (1 थेस्सलनी. 5:21).

माणसांचं ऐकतानाही सांभाळ. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ठीक होतं. बिघडलं ते बोलू लागल्यावर. समोरचा बोलत असताना ‘मी प्रार्थना करतो’ म्हणून विषय मिटवू नकोस. आधी विचार, ‘आज जेवलास का?’ मग प्रार्थना कर, तिथेच.

पुढच्या पत्रात संदेशाचा सारांश नको. ती एक ओळ आणि ती झाली की राहिली, एवढंच कळव.

तुझा,
प्रभूमधील एक वडीलधारा