प्रश्न तुमचे: चाळीस टक्क्यांचं कोडं, वारीतलं लिथियम आणि ‘आमच्यानंतर काय?’

माझ्या धाकट्या दिरांना आठ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू आहेत, पण नोकरी टिकत नाही. सिव्हिलच्या बोर्डाने अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली लिहिलं. बोर्डासमोर ते नीट बोलले, हीच चूक झाली का?
— वाचक, मिरज

नीट बोलले ते चांगलंच झालं. चूक बहुधा फाइलमध्ये आहे.

मानसिक आजाराचे टक्के डॉक्टर अंदाजाने देत नाहीत. त्यासाठी ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी आहे. तिच्यात चार गोष्टी पाहतात: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकीला ० ते ४ गुण. अडचण जास्त तर गुण जास्त. त्यात आजार किती वर्षांचा, याचे गुण मिळवतात: दोन वर्षांच्या आत १, दोन ते पाच वर्षं २, सहा ते दहा वर्षं ३, दहाच्या वर ४. एकूण ७ झाले की चाळीस टक्के आणि बहुतेक सवलतींचं दार तिथेच उघडतं.

आता तुमच्या दिरांचा हिशेब मांडून पाहा. निगा ०, संबंध १, बोलणं १, काम २, म्हणजे चार. आठ वर्षांचे ३ धरले की सात. पण डॉक्टर बदलल्यावर जुने कागद रद्दीत गेले असतील आणि फाइलमध्ये गेल्या तीन वर्षांचेच असतील, तर त्याचे २ मिळतात आणि बेरीज सहावर अडकते. अख्खा दाखला एका केसपेपरवर अडतो तो असा. म्हणून पहिल्या डॉक्टरांकडे जा आणि उपचार कधी सुरू झाले याचं तारखेसह पत्र मागा. दाखल केलं असेल त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात डिस्चार्ज कार्डच्या प्रतीसाठी अर्ज करा. मेडिकलची जुनी बिलंही फेकू नका.

दुसरी गळती घरच्यांच्या तोंडून होते. बोर्ड सोबत आलेल्या माणसालाही विचारतं. आपण लाजेकाजेने म्हणतो, “तसं सगळं करतात ते.” आंघोळीला आठवडाभर मागे लागावं लागतं का? पाहुणे आले की ते खोलीत जाऊन बसतात का? बँकेत एकटे जातात का? पाच वर्षांत किती नोकऱ्या धरल्या, प्रत्येक किती दिवस टिकली? हे तारखांसह एका पानावर लिहून न्या. बाईमाणसाच्या बाबतीत तर “घरचं करते की” हे वाक्य हमखास येतं. घरकाम हेही मोजपट्टीत कामच आहे. कुकर लावून विसरते, मुलांचे डबे सासू भरते, हे सांगायला हवं.

‘जरा आजारी दिसावं’ म्हणून बोर्डाआधी गोळ्या बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला उंबऱ्याबाहेर ठेवा. त्यातून आजार उलटतो, आणि एका दिवसाच्या अवस्थेवर टक्के ठरतही नाहीत.

निर्णय मान्य नसेल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपिलाची सोय आहे. पण आधी जुने कागद जमवा, नाहीतर अपिलातही सहाच येतील. पुढचा अर्ज यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) पोर्टलवर करायचा. कार्डाचा रंग टक्क्यांवर ठरतो: चाळीसच्या खाली पांढरा, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळा, ऐंशी आणि त्यावर निळा. पांढरं कार्ड हाती आलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. मानसिक आजाराचा दाखला अनेकदा मुदतीचा असतो, तेव्हा शेवटची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा.

वडील (वय ५८) बायपोलरसाठी, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी अति उदास होतं त्या आजारासाठी, लिथियम घेतात. दोन वर्षं तब्येत स्थिर आहे. यंदा पायी वारीला जायचं म्हणतात. जाऊ द्यावं का?
— वाचक, बारामती

त्यांच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर जरूर जाऊ द्या. फक्त लिथियमचं गणित समजून घ्या. हे औषध मुळात क्षार आहे, मूत्रपिंडातून बाहेर पडतं. अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंड मिठासोबत लिथियमही धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. चाल, घाम आणि पाणीही न घेता केलेली एकादशी, तिन्ही एकाच दिशेला ढकलतात.

निघण्याआधी दोन आठवडे रक्तातली लिथियमची पातळी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) तपासा. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि डोस उगाच कमी होतो. पातळी साधारण ०.६ ते १.० असावी, त्यांच्यासाठी नेमकी किती, हे डॉक्टर सांगतील. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीही दाखवा, कारण लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या लिथियम चढवतात.

वाटेत खरा धोका गुडघेदुखीच्या गोळीचा आहे. पाय दुखले की कुणीतरी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक हातावर ठेवतोच, आणि दोन्हींनी लिथियम वाढतं. त्यांना पॅरासिटॅमॉल पुरे. मीठ एकाएकी कमी करायचं नाही. पाण्याची बाटली खांद्यालाच हवी. ताक, लिंबू-सरबत घेत राहावं. निर्जळी एकादशी त्यांच्यासाठी नाही. फराळ करून, पाणी पिऊन ती होते, विठोबा त्यावर रुसायचा नाही.

जुलाब किंवा उलट्या लागल्या, हात जोराने थरथरू लागले, पाऊल लटपटलं, जीभ जड झाली, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी वैद्यकीय पथकाकडे न्या आणि पहिलं वाक्य “हे लिथियम घेतात” असं बोला. नाहीतर ऊन लागलं म्हणून सावलीत झोपवतील. औषधाचं नाव, डोस आणि डॉक्टरांचा फोन यांची चिठ्ठी खिशात हवी. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

शिवाय झोप. दिंडीत पहाटे तीनलाच जाग येते. रात्री भजनाला बसायचं की झोपायचं, हे निघण्याआधीच ठरवा. सलग दोन रात्री तीन-चार तासच झोपूनही ते जास्तच उत्साहात दिसले, तर ती भक्तीची तार समजू नका. डॉक्टरांना फोन करा आणि घरी आणा.

मुलगी ३४ वर्षांची, स्किझोफ्रेनिया. हे निवृत्त सरकारी कर्मचारी आहेत. कलेक्टर कचेरीतल्या समितीकडून मुलीचं कायदेशीर पालकत्व मिळवून देतो म्हणून एक एजंट पैसे मागतो आहे. द्यावेत का?
— वाचक, नागपूर

देऊ नका. ती समिती १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातली. तो कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरता आहे. स्किझोफ्रेनिया त्यात बसत नाही. घरातल्या कुणाला तुमच्या लेकीच्या उपचाराबाबत बोलता यावं, एवढंच हवं असेल तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ आहे. मुलगी बरी असताना तिने साध्या कागदावर लिहून सही करायची, तिला हवं तेव्हा बदलायचं. मालमत्तेचा अधिकार मात्र त्यातून मिळत नाही.

घर आणि पैशांसाठी मृत्युपत्र आणि जोडीला खाजगी ट्रस्ट, हा मार्ग आम्हांला सर्वांत टिकाऊ वाटतो. विश्वस्त किमान दोन, तुमच्यापेक्षा तरुण, आणि एक तरी नात्याबाहेरचा. “भाऊ बघेल” हे मनात ठेवू नका, काय बघेल ते लिहा: दरमहा किती, औषधं कोण आणणार, ती राहणार कुठे.

आणि सर्वांत आधी पेन्शन. मानसिक दिव्यांगत्वामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला, अटी पूर्ण असतील तर, आईवडिलांनंतर कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. तिचं नाव यजमानांच्या हयातीतच पेन्शनच्या कागदांत नोंदवून घ्या. नंतर त्याच कागदांसाठी खेटे तिला मारावे लागतील. वैद्यकीय दाखल्यावर आजाराचं नाव पुरत नाही, ‘स्वतःची उपजीविका करू शकत नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

नवरा गोळ्या घेत नाही. मी वरणात चुरून घालते. चालेल का?
— वाचक, कळवा

किती दिवस? एके दिवशी ते जेवायचेच थांबतील, कारण वरणात काहीतरी असतं हा त्यांचा संशय खरा ठरलेला असेल. शिवाय काही गोळ्या चुरायच्या नसतातच. त्या हळूहळू विरघळतील अशा बनवलेल्या असतात, चुरल्या की सगळा डोस एकदम अंगात जातो. तुम्ही हे करता ते डॉक्टरांना आज सांगा, नाहीतर “औषध लागू पडत नाही” समजून ते डोस वाढवतील. गोळ्या का नकोत, हेही विचारा: वजन, सुस्ती आणि लैंगिक तक्रार ही तीन कारणं पुरुष सहसा आपणहून सांगत नाहीत, आणि तिन्हींवर औषध बदलून पाहता येतं. दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायची लांब पल्ल्याची इंजेक्शनंही असतात. रात्री-अपरात्री बोलायची गरज पडली तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.