पोर्शे स्पीडस्टरची रेप्लिका विकायला आहे, जाहिरातीत '१९५७ मॉडेल' लिहिलंय, घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की जाहिरातीत '१९५७ पोर्शे ३५६ स्पीडस्टर रेप्लिका, फायबर बॉडी, १६०० इंजिन, शोरूम कंडिशन' असं दिलंय, फोटोत गाडी झकास दिसतेय, तर घ्यावी का, आणि घेतली तर लोक नकली म्हणतील का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते सोपं आहे: हो, म्हणतील. सिग्नलला कोणीतरी काच खाली करून 'ओरिजिनल का?' विचारणारच, आणि नाही म्हटलं की त्याचा चेहरा असा पडतो की जणू आपण त्याचे पैसे बुडवलेत. सवय होते. माझ्याकडे अशीच एक गाडी नऊ वर्षं होती, फोक्सवॅगन बीटलच्या फ्लोअरवर (म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) बसवलेली, आणि ती घेण्याआधी दोन बघून सोडल्या होत्या, त्यामुळे खाली जे लिहितोय ते बरंचसं हात काळे करून शिकलेलं आहे.

आणि नकली या शब्दाने मन खट्टू करून घेण्यात तसा काही अर्थ नाही, कारण ओरिजिनल ३५६ तरी काय होती? बीटल डिझाईन केली फर्डिनांड पोर्शेंनी, आणि १९४८ ला ऑस्ट्रियात ग्म्युंडला त्यांच्या मुलाने, फेरीने, जी पहिली ३५६ उभी केली तिच्यात इंजिनपासून सस्पेन्शनपर्यंत बरंच सामान बीटलचंच होतं, युद्ध नुकतं संपलेलं, दुसरं मिळणार कुठून. स्पीडस्टर तर मुळातच स्वस्तातली पोर्शे. मॅक्स हॉफमन म्हणून न्यूयॉर्कचा इम्पोर्टर होता, त्याने कंपनीच्या मागे लकडा लावला की अमेरिकेत ३००० डॉलरच्या आत बसेल अशी गाडी द्या, मग १९५४ ला पुढची काच ठेंगणी केली, दाराच्या वरखाली होणाऱ्या काचाच काढून टाकल्या, त्याऐवजी काढायचे-लावायचे पारदर्शक पडदे दिले, वर पातळ कापडाचा टप, की झाली स्पीडस्टर. १९५८ पर्यंत चार हजारांच्या आसपास बनल्या. आज त्याच गाडीचे लाखो डॉलर पडतात आणि मालक आभाळ भरून आलं तरी ती गॅरेजबाहेर काढत नाहीत. तेव्हा बीटलवर स्पीडस्टर चढवणं म्हणजे नातवाने आजोळी मुक्काम टाकल्यासारखं आहे, त्यात लाज वाटायचं काही नाही.

खटकतं ते '१९५७'. त्या गाडीत १९५७ चा फक्त आकार आहे. अशा गाडीला तीन वेगवेगळी वयं असतात, खालचा बीटलचा फ्लोअर एका वर्षाचा (बहुतेक वेळा साठ-सत्तरच्या दशकातला), फायबरची बॉडी ओतली ते वर्ष वेगळं, आणि हे सगळं जोडून गाडी रस्त्यावर आली ते तिसरंच, शिवाय इंजिन मधे कधी उघडलं असेल ते आणखी वेगळं. विकणाऱ्याला हे एकेक करून विचारा. ज्याने स्वतः बनवलीय तो न थांबता अर्धा तास बोलेल, पावत्यांची फाईल काढेल, फ्लोअर कापतानाचे फोटो दाखवेल. ज्याला काहीच माहीत नाही, 'मी पण अशीच घेतली होती' म्हणतो, त्याच्याकडची गाडी वाईटच असेल असं नाही, पण मग तपासायचं सगळं काम तुमच्या गळ्यात.

आता कापणं म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकामधलं अंतर, २४०० मिलिमीटर, ३५६ चा २१००. बॉडी नीट बसायची तर मधून साधारण ३० सेंटिमीटर फ्लोअर कापून काढायचा आणि दोन तुकडे परत वेल्ड करायचे. बीटलचा मधला बोगदा, ज्याला टनेल म्हणतात, तो नुसता उंचवटा नाहीये, तो गाडीचा कणा आहे, आणि त्याच्या पोटातून क्लचची वायर, अॅक्सिलेटरची वायर, हीटरच्या वायरी, गिअरचा रॉड आणि पेट्रोलची नळी एवढं सगळं जातं. म्हणजे कापणाऱ्याने कणा कापला आणि त्यातल्या नसाही कापल्या, आणि मग सगळं परत जुळवलं. कोणी जुळवलं हाच प्रश्न आहे. कॅनडाच्या इंटरमेकॅनिकासारख्यांनी पुढे बीटलचा फ्लोअर सोडून स्वतःची पाईपची चासी केली, ब्रिटनमधल्या चेसिलच्या गाड्या कापलेल्या बीटलवर आहेत, आणि यापलीकडे असंख्य गाड्या अशा आहेत की किट खोक्यात आलं आणि कोणीतरी शनिवार-रविवार करत घरच्या गॅरेजमध्ये जोडलं. त्यातले काही लोक कारखान्यापेक्षा सरस काम करतात, काहींनी वेल्डिंग मशीन पहिल्यांदा हातात धरलेलं असतं, आणि वरून रंग मारल्यावर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

मी पहिली बघायला गेलो ती लाल होती, आत बिस्किटी लेदर, बघताक्षणी मी मनात टप उघडून फिरायलाच निघालो होतो. बरोबर एक जुना बीटलवाला मित्र होता, त्याने काही न बोलता डिकीतून जॅक काढला, मागच्या चाकाच्या जरा पुढे लावून एक बाजू उचलली आणि मला म्हणाला दार उघड. दार उघडेना. लॉक वगैरे काही नव्हतं, गाडी मधे वाकली होती आणि दार चौकटीत चेपून बसलं होतं. मालक म्हणे 'फायबर आहे ना, थोडं होतंच'. नाही होत हो. चांगल्या गाडीत फायबरच्या बॉडीखाली लोखंडी चौकोनी पाईपची चौकट फिरवलेली असते, टप नसलेल्या गाडीला तोच आधार, आणि जॅकवर घेतली तरी दाराची फट नखभर हलते, दार अडकत नाही. नंतर खाली पडून बघितलं तर जोडाची वेल्डिंग सलग नव्हतीच, टाके घातल्यासारखी तुटक होती आणि वरून काळा डांबरी लेप. तेव्हा जाल तेव्हा खाली पडून बघायची तयारी ठेवा, आणि जोडावर ताजा काळा लेप दिसला तर विचारा की हा कधी मारला आणि का.

मी शेवटी जी घेतली तिचं वेल्डिंग छान होतं पण तिनेही एकदा रडवलं. दुसऱ्या वर्षी भर ट्रॅफिकमध्ये क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. मला वाटलं वायर तुटली, नवी टाकली, तरी तेच. वायर शाबूत होती, टनेलच्या आत ती ज्या नळीतून जाते त्या नळीचा टाका सुटला होता, पेडल दाबलं की वायर ओढली जायच्या ऐवजी नळीच वाकायची. सरळ साध्या बीटललाही हे दुखणं होतं, पण कापून जोडलेल्या टनेलमध्ये जास्त. टनेलला खिडकी पाडून आत वेल्ड करावं लागलं. म्हणून टेस्ट ड्राइव्हला क्लच नीट जोखा, कुठे अडकतो का, पकडायची जागा दर वेळी बदलते का, आणि गिअर, खास करून दुसरा आणि रिव्हर्स, शोधावा लागतो का, कारण रॉडही कापून जोडलेला असतो आणि तो जरा तिरका बसला तरी गिअर सापडत नाहीत.

फायबरला गंज लागत नाही या वाक्यावर अनेक लोक फसतात. वरचं गंजत नाही, खालचा पत्रा छान गंजतो, आणि वरचं चकचकीत राहत असल्यामुळे कोणाला संशयही येत नाही. कार्पेट उचला, कडेने बोट फिरवा. फायबरमध्ये बिजागरांपाशी आणि बंपर जिथे बसतो तिथे कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा आहेत का बघा, एखाद-दुसरी चालते, सगळीकडे असतील तर बॉडी खालून हलतेय. आणि सीटबेल्ट! बेल्टचा बोल्ट लोखंडात आहे का नुसत्या फायबरमध्ये, हे हात घालून चाचपा. फायबरमध्ये असेल तर तो बेल्ट नाही, सजावट आहे.

इंजिनाचं तुलनेने सोपं. बीटलचं साधं १६०० पन्नास-साठ हॉर्सपॉवर देतं, ओरिजिनलचं साधं १६०० पण साठच द्यायचं, आणि गाडी आठशे किलोच्या आसपास, त्यामुळे कमी पडत नाही. बंद इंजिनाची मागची पुली दोन्ही हातांनी धरून गाडीच्या दिशेने पुढे-मागे ढकला, टक-टक असा ठोका हाताला लागला तर क्रँकच्या बेअरिंगची जागा झिजलीय, म्हणजे इंजिन पूर्ण खोलायचं. जुन्या इंजिनात ऑइल कूलर तीन नंबरच्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत उभा असतो त्यामुळे तो सिलिंडर जास्त तापतो आणि आधी जातो, साधारण १९७१ पासून कूलर बाजूला नेला, तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या. यात ऑइल फक्त अडीच लिटर आणि फिल्टरच्या जागी नुसती जाळी, त्यामुळे मालक दर पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलतो का, टॅपेट कधी सेट केले, हे विचारलं की तो गाडी सांभाळतो का नुसती पुसतो ते कळतं. आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या घेतल्या घेतल्या सगळ्या बदला, चांगल्या दिसत असल्या तरी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं, नळी गरम इंजिनावर गळते, आणि ही गाडी फायबरची आहे, विझवायला फार वेळ मिळत नाही. माझ्या सीटमागे कायम छोटा फायर एक्स्टिंग्विशर असायचा.

चालवायला ती आजच्या गाडीसारखी नाही हे धरून चला. जुन्या फ्लोअरला मागे स्विंग अॅक्सल असतो, म्हणजे मागचं चाक अॅक्सलसकट वरखाली झुलतं, ओरिजिनलला पण होता, वळणावर जोरात जाताना घाबरून अॅक्सिलेटर एकदम सोडला की मागचं चाक आत दुमडतं आणि मागची बाजू पुढे यायला बघते. वळणाआधी हळू व्हा, वळणात पाय स्थिर. एअरबॅग नाही, एबीएस नाही, पावसात पडद्यातून पाणी मांडीवर. मला हे सगळं आवडायचं, बायकोला पहिल्या पावसानंतर अजिबात नाही.

आता कागद, आणि इथे मी सगळ्यात कडक आहे. अमेरिकेत राज्याप्रमाणे बदलतं, कुठे अशी गाडी फ्लोअरच्या बीटलच्या नावावर आणि वर्षावर असते, कुठे ती बनवली त्या वर्षाची 'असेंबल्ड' म्हणून, कॅलिफोर्नियात अशा खास बनवलेल्या गाड्यांना जुन्या मॉडेलच्या हिशोबाने प्रदूषणातून सवलत मिळते पण ती वर्षाला फक्त ५०० गाड्यांना. ब्रिटनमध्ये चासी कापली की जुन्या गाडीची ओळख टिकेलच असं नाही, वेगळी तपासणी देऊन क्यू ने सुरू होणारा नंबर घ्यायची वेळ येऊ शकते. यातलं काहीही असो, खरं लिहिलेलं असेल तर चालतं. टायटलवरच, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावरच, '१९५७ पोर्शे' असं असेल तर मात्र मी गाडी कितीही आवडली तरी उठून येईन, कारण ते पुढे तुमच्या नावावर येणार आणि एखाद्या क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला तेच कागद तुमच्यासमोर ठेवणार. इन्शुरन्स पण किंमत आधी ठरवून घेतलेला, अॅग्रीड व्हॅल्यूवाला काढा, नाहीतर त्यांच्या लेखी ती पन्नास वर्षं जुनी बीटल आणि भरपाई त्याच भावाने.

स्पेअरची काळजी करू नका, बीटल २ कोटींच्या वर बनल्या, मेक्सिकोत तर २००३ पर्यंत बनत होत्या, यांत्रिक सामान सगळं मिळतं. पुढची काच, टपाची चौकट आणि दिव्यांच्या रिंगा मात्र ज्याच्या साच्यातली बॉडी आहे त्याच्याच बसतात, म्हणून बॉडी कोणाची हे नक्की करून घ्या, तो अजून धंद्यात आहे का हेही.

माझं मत विचाराल तर जॅकवर दार उघडत असेल, जोड सलग असेल आणि कागदावर खरं वर्ष असेल तर घ्या, इंजिन थकलेलं असलं तरी घ्या, ते होतं नीट. जोड किंवा कागद यातलं एक जरी गडबड असेल तर इंजिन नवंकोरं असलं तरी नको.

आणि जायच्या आधी एक काम करा, विकणाऱ्याला फ्लोअरवरचा चासी नंबर वाचायला सांगा. बीटलचा नंबर टनेलवर, मागच्या सीटच्या जागी खाली कोरलेला असतो, स्पीडस्टरमध्ये तिथे कार्पेट असतं ते उचलावं लागेल. १९६५ मॉडेलपासून पुढच्या नंबरात तिसरा आकडा वर्षाचा असतो, म्हणजे ११८ ने सुरू होत असेल तर १९६८ चा फ्लोअर, आणि १९७० पासून त्याच्यापुढे एक २ जास्तीचा येतो, ११२२ असेल तर १९७२ चा. हा नंबर टायटलवरच्या नंबराशी जुळतो का ते बघा. तिथे कोरलेलं काहीच नसेल, घासलेलं असेल किंवा तो म्हणाला की पाईपची चासी आहे म्हणून नंबर नाही, तर कोणाची चासी, तिची प्लेट कुठे लावलीय आणि बनवणाऱ्याचा कागद कुठे आहे, ते फोटोसकट मागवा आणि मगच पेट्रोल जाळून बघायला जा.