हिपॅटायटिस सी झालेल्या माणसाला सरकारी दवाखाने नुसतं फिरवतात. जाब कुणाला विचारायचा?

तुम्ही लिहिलंय की रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन आला, मोठ्या भावाचं रक्त ‘एचसीव्ही रिॲक्टिव्ह’ आहे. तेव्हापासून आरोग्य केंद्र तालुक्याला पाठवतंय, तालुका सिव्हिलला, आणि सिव्हिलमध्ये ‘सध्या बंद आहे’ म्हणतात. सरकार याला बांधील आहे का, जाब कुणाला विचारायचा, आणि लोकांना या आजाराची कल्पनाच कशी नाही, असे तुमचे प्रश्न. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. आईच्या निमित्ताने या सगळ्या चकरा मारून झाल्यात, त्या जोरावर लिहितोय.

आधी भावाचं. हिपॅटायटिस सी म्हणजे रक्तातून पसरणारा लिव्हरचा आजार, आणि एचसीव्ही हा त्याचा विषाणू. ‘रिॲक्टिव्ह’ म्हणजे रक्तात अँटिबॉडी सापडली, विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती. विषाणू कधीतरी शिरला असावा, एवढंच त्यातून कळतं. शंभरातल्या साधारण ३० जणांच्या शरीरातून तो सहा महिन्यांच्या आत आपणहून निघून जातो, अँटिबॉडी मात्र मागे राहते. आत्ता विषाणू आहे की नाही ते आरएनए टेस्टमध्ये कळतं, तिलाच सगळे ‘व्हायरल लोड’ म्हणतात. ती झाल्याशिवाय कुणी लिव्हरचं टॉनिक लिहून दिलं तर त्यावर पैसे घालवू नका. टेस्टमध्ये विषाणू सापडलाच, तर बहुतेकांना सोफोसबुवीर आणि डॅक्लाटासवीर या गोळ्या रोज एकदा, १२ आठवडे. लिव्हर फार खराब झालं असेल तर औषध बदलतं किंवा मुदत वाढते. १०० पैकी ९५ जण तरी पूर्ण बरे होतात. लस मात्र नाही, ती ‘बी’वर आहे.

आता आमचं. आईला हे मोतीबिंदूमुळे कळलं. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं आणि केसपेपरवर कुणीतरी लाल पेनाने ‘एचसीव्ही’ लिहून त्याभोवती दोनदा गोल काढला. वॉर्डात सिस्टर मोठ्याने म्हणाल्या, “त्या सी-वाल्या आजींना पलीकडच्या बाकावर बसवा.” आई उठली, पिशवी उचलली आणि पलीकडे जाऊन बसली. तिला वाटलं एड्स झाला. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. रात्री स्वतःचं ताट-वाटी वेगळं काढून ठेवलं आणि नातवाला कुशीत घेऊन झोपणं बंद केलं. ऑपरेशन ‘नंतर बघू’वर गेलं. खरं तर ते टाळायचं काहीच कारण नव्हतं. प्रत्येक पेशंटचं रक्त धोक्याचं आहे असं धरूनच हातमोजे-उपकरणांची काळजी घ्यायची, हा दवाखान्यातला प्राथमिक नियम आहे. एचआयव्हीबाधितांना भेदभावाविरुद्ध २०१७चा कायदा आहे. हिपॅटायटिसवाल्यांसाठी तसा वेगळा कायदा नाही, आणि वॉर्डात ते लगेच जाणवतं.

आला कुठून? १९९२ला माझी धाकटी बहीण झाली, त्या बाळंतपणात आईला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. हा विषाणू ओळखलाच गेला १९८९मध्ये, आणि आपल्या रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची व्हायला त्यानंतर कित्येक वर्षं गेली. किंवा गावातल्या डॉक्टरांची ती काचेची सिरिंज असेल, जी सकाळी एकदा उकळली की दिवसभर चालायची. किंवा जत्रेतलं गोंदण. आता नक्की कुणालाच सांगता येणार नाही.

तुमचा तिसरा प्रश्न इथेच घेतो. आपल्याकडे कावीळ म्हणजे डोळे पिवळे. आमच्या भागात कावीळ उतरवणारे अजून आहेत. चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात आणि पिवळं झालेलं पाणी दाखवतात, नाहीतर डोक्यावर माळ ठेवतात, ती दिवसागणिक सैल होत गळ्यात उतरते. दूषित पाण्यातून येणारी ‘ए’ आणि ‘ई’ बहुतेक वेळा आपोआप बरी होते, त्यामुळे माळेचं नाव होतं. ‘सी’मध्ये बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. माणूस वीस-पंचवीस वर्षं शेतात राबत राहतो आणि एक दिवस पोटात पाणी होऊन नाहीतर रक्ताची उलटी होऊन आडवा पडतो. मग गाव म्हणतं, पीत असणार. आईलाही एका डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, “आजी, दारू?” जिने आयुष्यात ताडीचा वास घेतला नाही तिला.

सरकारी जागृती २८ जुलैला होते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधणाऱ्या ब्लुमबर्ग यांचा तो जन्मदिवस, म्हणून जागतिक हिपॅटायटिस दिन. आमच्या सिव्हिलच्या फाटकावर त्या दिवशी ‘मोफत तपासणी, मोफत उपचार’ असा फ्लेक्स लागला होता, वर साहेबांचे फोटो. त्या फ्लेक्सखालून आत गेलं की केसपेपरच्या खिडकीवर ‘हिपॅटायटिस सी कुठे दाखवायचं’ विचारा. मला तीन जणांनी तीन खोल्या सांगितल्या, त्यातली एक क्ष-किरणाची होती.

आता मूळ मुद्दा. सरकार बांधील आहे का? आहे. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ला सुरू झाला आणि त्यात सीची तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. २०३०पर्यंत हा आजार सार्वजनिक धोका म्हणून उरू नये, असं उद्दिष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालात २०२२ सालचे भारतातले सीचे रुग्ण अंदाजे ५५ लाख धरलेत. औषध महाग आहे ही सबबही उरलेली नाही. अमेरिकेत सोफोसबुवीर आलं तेव्हा एक गोळी १,००० डॉलरला आणि १२ आठवडे ८४,००० डॉलरला पडायचे. २०१४मध्ये ते विकणाऱ्या गिलियड या अमेरिकन कंपनीने भारतीय कंपन्यांना ते बनवायचा परवाना दिला आणि इथे भाव कोसळला.

कायद्याचं थोडं. १९९६मध्ये पश्चिम बंगालच्या एका खटल्यात, रेल्वेतून पडलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की वेळेवर उपचार न देणं म्हणजे घटनेच्या २१व्या कलमाचा भंग, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. तो निकाल तातडीच्या उपचारांचा आहे, पण तत्त्व तुमच्या कामाचं. ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) जायचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. तिथे एक गंमत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या निकालानुसार जिथे सगळ्यांनाच फुकट सेवा मिळते ते रुग्णालय ग्राहक कायद्यात बसत नाही. काही जण पैसे भरत असतील तर फुकटवालेही बसतात. आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३पासून आपल्या रुग्णालयांत सगळंच मोफत केलं. निर्णय चांगलाच, पण ते दार त्यामुळे आणखी अरुंद झालं असं मला वाटतं. वकिलांचं मत वेगळं असू शकेल.

खरी अडचण कायद्याची नाहीच, कोणता दवाखाना कुणाच्या घरचा याची आहे. तुमचं आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, त्याचे धनी जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि सिव्हिल राज्याच्या आरोग्य विभागाचं, तिथे जिल्हा शल्यचिकित्सक. मेडिकल कॉलेज असेल तर ते वैद्यकीय शिक्षण विभागाचं. शहरातला दवाखाना महापालिकेचा. कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचना केंद्राच्या. तुमच्या भावाला जो फिरवतोय तो दर वेळी खरंच बोलतोय, की हे आमच्याकडे येत नाही. सरकार नावाचा एक माणूस समजून तुम्ही ओरडलात तर या घरांपैकी एकही दार उघडणार नाही. प्रश्न एका वस्तूवर आणि एका खुर्चीवर बांधावा लागतो.

आमच्या वेळी ती वस्तू होती चिप. फार्मासिस्ट भला माणूस होता. त्याने कपाट उघडून गोळ्यांच्या बाटल्या दाखवल्या आणि म्हणाला, “औषध पडून आहे हो, पण आरएनए रिपोर्टशिवाय मी देऊ शकत नाही, आणि टेस्ट बंद आहे.” टेस्ट ज्या मशीनवर होते ते वरच्या मजल्यावर टीबी विभागात चालूच होतं. ट्रूनॅट, आपल्या शेजारी गोव्यात वेर्ण्याला बनतं. त्यात टीबीची चिप घातली की टीबी कळतो, सीची घातली की सी. सीच्या चिपाच नव्हत्या. बाहेर तीच टेस्ट काही हजारांची.

तक्रार अर्ज दोन केले, त्यांचं काय झालं देव जाणे. मग माहिती अधिकार. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एक अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा, हे लक्षात ठेवा. चुकीच्या ऑफिसात गेला तरी घाबरू नका, कलम ६(३)प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी त्यांनीच पाठवायचा असतो. आणि ‘का’ विचारू नका! “टेस्ट बंद का?” असं विचारलं की “खुलासा मागता येत नाही” असं एका ओळीचं उत्तर येतं. कागद मागा. मी मागितलं ते असं: कार्यक्रमाच्या जिल्हा नोडल अधिकाऱ्याच्या (म्हणजे जिल्ह्यात तो सांभाळणाऱ्याच्या) नेमणुकीच्या आदेशाची प्रत, मागच्या बारा महिन्यांत महिनावार सीच्या किती चिपा आल्या, किती वापरल्या, किती उरल्या, मागणीपत्रांच्या प्रती, आणि त्या काळात किती जण रिॲक्टिव्ह, त्यातल्या किती जणांची आरएनए टेस्ट, किती जणांना औषध. अर्ज आवक टेबलावर दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. तिथले भाऊसाहेब म्हणतील, “ठेवून जा, होईल.” नाही होत.

एकोणिसाव्या दिवशी स्टोअरमधून फोन आला: चिपा आल्यात, आईला घेऊन या. लेखी उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं. नोडल डॉक्टरांची बदली झालेली, कार्यभार कुणी घेतलेला नाही, आणि ‘आलेला साठा’ या रकान्यात सलग सात महिने शून्य. मागणीपत्र एकही नाही. म्हणजे वरून येत नव्हतं असं आम्हाला जे रोज सांगत होते, ते वर कुणी मागितलंच नव्हतं. खलनायक कुणी सापडला नाही. एक रिकामी खुर्ची सापडली.

एक गोष्ट मला अजून टोचते. फोन मला आला, कारण अर्ज माझा होता. उत्तराच्या शेवटच्या रकान्यातले बाकीचे रिॲक्टिव्ह लोक कुठे होते? मी सिव्हिलच्या रुग्ण कल्याण समितीतल्या एका सदस्याला गाठून ती यादी काढायला लावली. काही जण आले, काहींचे नंबर बंद, आणि एका घरी फोन उचलणाऱ्या सुनेने सांगितलं की सासरे दिवाळीतच गेले.

सरकारने ठरवलं तर काय होतं त्याला इजिप्त पाहावं. तिथे १९५०च्या दशकापासून १९८०च्या सुरुवातीपर्यंत सरकारनेच कालव्याच्या पाण्यातून होणाऱ्या कृमीच्या आजारावर गावोगावी इंजेक्शनं दिली, सुया नीट निर्जंतुक न करता, आणि सी देशभर पसरवला. त्याच सरकारने २०१८पासून वर्षभरात सुमारे ६ कोटी लोकांचं रक्त तपासलं, सापडले त्यांना फुकट औषध दिलं. २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना निर्मूलनाच्या वाटेवरचा सुवर्ण दर्जा दिला. ब्रिटनमध्ये १९७० ते १९९१ या काळात दूषित रक्तातून ३०,००० हून जास्त लोकांना एचआयव्ही नाहीतर सी झाला. चौकशी अहवाल यायला मे २०२४ उजाडलं, तेव्हा कुठे पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. आपल्याकडे पंजाबने केंद्राच्या दोन वर्षं आधी, २०१६मध्ये, मोफत औषध सुरू केलं होतं. महाराष्ट्रात २००७पासून काही जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख चालली, पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने. गावकरी केंद्राला लाल-पिवळे-हिरवे गुण देत आणि जनसुनवाईत डॉक्टरांना समोरासमोर विचारत. तुमच्या तालुक्यात त्यातलं कुणी असेल तर शोधा, ती माणसं माझ्यापेक्षा खूप हुशार आहेत.

आईचं औषध १२ आठवडे चाललं. ते संपल्यावर आणखी १२ आठवड्यांनी पुन्हा टेस्ट करतात, ती चुकवू नका, बरं झालं की नाही ते तेव्हाच ठरतं. तिचा रिपोर्ट निल आला. मोतीबिंदूला परत गेलो तेव्हा जुना केसपेपर फायलीला लावलेलाच होता, लाल गोलासकट.

तुम्ही सोमवारी अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर वीस रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील, त्यालाही तीस दिवसांची मुदत आहे. दरम्यान वहिनींची आणि तुमच्या आईची अँटिबॉडी तपासून घ्या. भावाने दाढीचं ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश तेवढा वेगळा ठेवावा, दारू पूर्ण बंद. ताट वेगळं करू नका. एका ताटात जेवून, मिठी मारून, पोराला कुशीत घेऊन हा होत नाही.