मशिनं १२०, पत्ते २००, तरी पूल संपतोय!

प्रश्न: आमच्या लॅबमधली १२० मशिनं नेटवर्कवरून म्हणजे पीएक्सईने बूट करून त्यांच्यात लिनक्स टाकतो. सर्व्हर आयएससी या संस्थेचा डीएचसीपीडी (डीएचसीपीने मशिनांना आयपी पत्ते वाटणारा प्रोग्रॅम), पूल म्हणजे वाटायचा साठा २०० पत्त्यांचा. तरी दोन-तीनदा इन्स्टॉल केलं की लॉगमध्ये "नो फ्री लीजेस" (द्यायला पत्ता शिल्लक नाही) यायला लागतं. पूल वाढवू का?

उत्तर: वाढवलात तर आजचं भागेल, पुढच्या इन्स्टॉलला परत तेच रडगाणं. आधी लीजची (लीज म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दिलेला पत्ता) फाइल उघडा, एकाच मॅक ॲड्रेसच्या म्हणजे नेटवर्क कार्डाच्या नंबराच्या नावावर दोन-दोन, तीन-तीन पत्ते दिसतील. कारण असं बघा, नेटवर्कवरून उठणारं मशीन पत्ता एकदाच मागत नाही, आधी कार्डातली रॉम मागते, मग मध्ये आयपीएक्सई (पीएक्सईचा सुधारित बूट प्रोग्रॅम) असेल तर तो, मग इन्स्टॉलरचा कर्नल आणि शेवटी बसवलेली ओएस. आपण म्हणतो मॅक तोच आहे ना मग पत्ता पण तोच मिळेल, पण क्लायंटने ऑप्शन ६१ म्हणजे क्लायंट आयडी पाठवला असेल तर सर्व्हर त्यालाच ओळख मानतो, मॅकला नाही, आणि ही सर्व्हरची लहर नाही, डीएचसीपीचं मानक आरएफसी २१३१, त्यातच तसं आहे. आता प्रत्येक टप्प्यावर हा आयडी वेगळा असला की सर्व्हरच्या लेखी ती वेगवेगळी मशिनं झाली.

त्यात बसवलेल्या लिनक्समध्ये नेटवर्क सांभाळायला सिस्टमडी-नेटवर्कडी असेल तर आणखी भर, तो क्लायंट आयडी मशीन-आयडीवरून (त्या इन्स्टॉलच्या ओळख क्रमांकावरून) बनवतो आणि मशीन-आयडी दर नव्या इन्स्टॉलला बदलतो. म्हणजे ओएस परत टाकली की नवा पत्ता गेला, आणि जुना लीज संपेपर्यंत अडकून पडलेला. (याच्या उलटं पण होतं, एकच इमेज मशीन-आयडी न पुसता सगळीकडे क्लोन केली की सगळी मशिनं एकाच पत्त्यावर भांडतात. तो प्रकार शोधायला जास्त डोकं खातो.)

उपाय सर्व्हरवरच करा. डीएचसीपीडीमध्ये इग्नोर-क्लायंट-यूआयडीज ट्रू करायचं, की तो मॅकवर चालेल. नाहीतर ओएसच्या बाजूने नेटवर्कडीला क्लायंट आयडेंटिफायर म्हणून मॅक वापरायला सांगा, पण मग रॉम आणि इन्स्टॉलरचं तुमच्या हातात राहत नाही. आणि इन्स्टॉलच्या दिवसांत लीज एक तासाची ठेवा. क्लायंट साधारण अर्ध्या वेळाने रिन्यू करतो, म्हणजे दर ३० मिनिटांनी, १२० मशिनांसाठी हा काहीच लोड नाही.

प्रश्न: पीएक्सईला पत्ता मिळतो, कर्नल पण उतरतो, आणि मग इन्स्टॉलर म्हणतो डीएचसीपी फेल. रीट्राय केलं की चालतं. सर्व्हर स्लो आहे का?

उत्तर: नाही हो, बहुतेक स्विच. कर्नलने कार्डाचा ड्रायव्हर चढवला की लिंक क्षणभर पडून परत येते, आणि जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी स्विचमधली सोय) चालू असेल तर स्विच तो पोर्ट १५ सेकंद लिसनिंग आणि १५ सेकंद लर्निंगमध्ये ठेवतो. त्या ३० सेकंदांत मशीन डिस्कव्हर (पत्ता मागायची पहिली हाक) ओरडत राहतं आणि ते सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. रॉम बराच वेळ मागत राहते म्हणून ती निभावते, इन्स्टॉलर लवकर हात टेकतो. मशिनांच्या पोर्टवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट चालू करा, म्हणजे पोर्ट न थांबता लगेच सुरू होईल, स्विच ते स्विच जोडणाऱ्या पोर्टवर मात्र अजिबात नको, लूप झाला तर सगळं नेटवर्क बसेल. खात्री करायची तर सर्व्हरवर डीएचसीपीच्या पोर्ट ६७ आणि ६८ वर टीसीपीडंप (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारं टूल) लावा, डिस्कव्हर दिसतच नसेल तर सर्व्हरची कॉन्फिग फाइल चिवडत बसण्यात अर्थ नाही. तिथे बूटपी असं लिहिलेलं येईल, घाबरू नका, डीएचसीपी १९८५ च्या बूटपी या जुन्या प्रोटोकॉलच्याच पाकिटात बसवलेला आहे.

प्रश्न: डीएचसीपीडी सोडून कियावर (आयएससीच्याच नव्या डीएचसीपी सर्व्हरवर) जाऊ का?

उत्तर: कधीतरी जावं लागेलच, आयएससीने २०२२ मध्ये डीएचसीपीडीची देखभाल थांबवली. लॅब छोटी असेल तर मी डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर घेईन, पत्ते आणि टीएफटीपी (बूटच्या फाइली पाठवणं) एकाच ठिकाणी होतं. बरेच सबनेट म्हणजे नेटवर्कचे वेगवेगळे भाग असतील तर किया. बदलताना जुना आणि नवा एकत्र चालू ठेवायचे असतील तर दोघांच्या रेंज वेगळ्या ठेवा, कारण एकाने कुठला पत्ता दिलाय हे दुसऱ्याला कळत नाही.